पुरण विकतचं, मग कट कुठून आला? स्वयंपाकघरातली पहिली रहस्यकथा लिहिताना

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरात सासूबाई मृतावस्थेत सापडतात. सून सांगते, "मी काल दिवसभर माहेरी होते. घरात चूल पेटलीच नाही, सासूबाईंनी पोळ्या विकत आणवल्या." ओट्यावर विकतच्या पोळ्यांचं पाकीट आहे, त्याला बिल टाचलेलं आहे. पोलीस ते लिहून घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. शेजारच्या काकू मात्र कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघतात. तळाशी दोन डाव कटाची आमटी उरलेली. पुरण विकतचं, मग कट कुठून आला?

ज्याने कधी पुरणाचा स्वयंपाक जवळून पाहिलेला नाही, त्याच्या लेखी ती नुसती उरलेली आमटी. ज्याने पाहिलाय, त्याच्या डोक्यात एकामागून एक प्रश्न उभे राहतात. कट आहे म्हणजे हरभऱ्याची डाळ याच घरात शिजली. कुणीतरी ती निथळली. मग ते पुरण गेलं कुठे, केलं कुणी, आणि घरात चूल पेटली नाही असं सुनेने का सांगितलं?

इंग्रजीत ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात, त्या प्रकारातली खाण्यापिण्याच्या अंगाने जाणारी शाखा ही अशी. लहान गाव किंवा एखादी गल्ली, एकमेकांना ओळखणारी माणसं, पोलीस नसलेली शोधक, रक्तपात पडद्याआड, आणि सगळ्याच्या मध्यभागी एक स्वयंपाकघर. अमेरिकेत १९८०नंतर हा प्रकार चांगलाच फोफावला आणि कादंबरीत पाककृती छापायची रीतही पडली. तो मराठीत भरपूर लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे स्वयंपाकाचं जे बारीक, हाताला कळणारं ज्ञान आहे, ते म्हणजे तर्काचा तयार खजिना आहे.

नवख्यांच्या लिखाणात मात्र एक गोष्ट वारंवार दिसते. शोधक बाई उत्तम स्वयंपाक करते, पानापानावर फोडण्या तडतडतात, पण गुन्हा उलगडतो तो सीसीटीव्हीमुळे. अशा कथेतून सगळा स्वयंपाक काढून टाकला तरी काही बिघडत नाही. या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गुन्हा उलगडायला हवा तो स्वयंपाक येणाऱ्या माणसाच्या नजरेमुळेच.

पायरी १: आधी खूण, मग खून

बहुतेक जण आधी खून ठरवतात, मग खुनी, आणि शेवटी पुरावे शोधत बसतात. इथे उलट करा. एक वही घ्या आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने माहीत असलेल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी लिहून काढा. पुस्तकात वाचलेल्या नकोत. ज्या करताना तुम्ही पाहिल्यात, ज्या बिघडलेल्या तुम्ही पाहिल्यात, त्या लिहा.

माझ्या वहीतल्या काही देते. गुळाचं दूध उकळत ठेवलं तर नासण्याची भीती असते. सवयीचा माणूस दूध खाली उतरवून मग गूळ घालतो. साखरेचा पाक एकतारीवरून दोनतारीवर जाईपर्यंत शेगडीसमोरून हलता येत नाही. त्या वेळी "मी फोन घ्यायला बाहेर गेले होते" म्हणणाऱ्या बाईचा पाक बिघडलेला असायला हवा. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, आणि साबणानेही तेच होतं. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो, भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा. म्हणजे लाल राहिलेला डाग सांगतो की कुणीतरी घाईघाईत साबण चोळला आणि नीट खळबळलं नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, आणि ते पोटात गेलं की मळमळ, उलट्या ठरलेल्या.

आणि दही. याच्याजवळ थोडं थांबू, कारण पुढची सगळी कथा मी यावरच उभी करणार आहे.

विरजण लावल्यावर पहिला काही वेळ दूध दूधच असतं. तेव्हा पातेलं सरकवलं तरी काही होत नाही, दही नंतर छान लागतं. पूर्ण जमून गेल्यावर पातेलं हलवलं तर दह्याला चीर पडते, चिरेत निवळी जमते, पण वडी वडीच राहते, डाव घातला की कवडी निघते. या दोहोंच्या मधली वेळ नाजूक. दही धरू लागलेलं असताना धक्का लागला, तर ते नीट जमतच नाही. रवाळ, फुटकं होतं, वर पाणी सुटतं, आणि नंतर कितीही वेळ ठेवलं तरी सुधारत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात रात्री अकराला लावलेलं दही साधारण पहाटेपर्यंत जमतं, म्हणजे ती नाजूक वेळ पडते रात्री एक-दोनच्या पुढे. दह्याचं पातेलं म्हणजे रात्रभर जागा असलेला साक्षीदार.

वहीतली प्रत्येक नोंद तीन प्रश्नांवर घासून बघा. ती वेळ सांगते का? ती एखाद्याचं बोलणं खोटं पाडते का? आणि स्वयंपाक न येणारा हुशार माणूस तिच्यावरून नजर फिरवून पुढे जाईल का? तिन्हींना हो आलं तर खूण पक्की. दह्याला तिन्ही हो. गुळाच्या दुधाला तिसरं हो, पण वेळ सांगायला ते फारसं उपयोगी नाही. ते दुय्यम खुणेसाठी ठेवा.

पायरी २: जागा निवडा, पण स्वयंपाकघरात परकी माणसं येऊ द्या

घरातल्या स्वयंपाकघराची अडचण अशी की तिथे संशयित कमी पडतात. त्यापेक्षा ज्या मुदपाकखान्यातून दिवसभर माणसं ये-जा करतात तो निवडा. विद्यार्थ्यांची खानावळ, दिवाळीचा फराळ करणारा महिला बचतगट, कोकणातली घरगुती राहण्या-जेवणाची सोय, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीचा प्रसाद. वारीतल्या दिंडीचा स्वयंपाक हा तर मला फार मोठा मोका वाटतो. सामानाचा ट्रक पुढे जातो, मुक्कामाला चुली पेटतात, पंगत उठली की सगळं आवरून पुन्हा पुढे. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तीच माणसं, रोज नवं गाव. कुणीतरी लिहाच.

या लेखापुरतं मी तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय घेते. तिथे आचारी आहेत, वाढपी आहेत, दूधवाला, फुलवाला, मांडववाला आहे, दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी आहेत, मालक आणि त्याचे नातेवाईक आहेत. शिवाय तिथे कोठी असते.

पायरी ३: शोध घेणारीला काम द्या आणि धोका द्या

कोठी सांभाळणारी बाई ही माझ्या मते मराठी रहस्यकथेला मिळू शकणारी सगळ्यात चांगली शोधक आहे. किल्ल्या तिच्या कमरेला. किती डाळ दिली, किती गूळ दिला, तेलाचे किती डबे फुटले, सगळं तिच्या वहीत. आचारी तिच्याकडे मागायला येतो, वाढपी तिच्याजवळ कुरकुर करतो, यजमानीण तिच्याशी हिशेबावरून वाद घालते. तिला कुणी महत्त्वाचं समजत नाही, म्हणून तिच्यासमोर सगळे बोलतात.

आपण तिला शालिनीकाकू म्हणू. वय अठ्ठावन्न. नवरा नाही, मुलगी सासरी, कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहतात.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: पोलीस असताना काकूंनी यात पडायचंच का? "त्यांना उत्सुकता होती" हे उत्तर पुरत नाही. उत्सुकतेपोटी माणूस दोन दिवस चौकशी करेल, तीनशे पानं करणार नाही. त्यांचं पोट धोक्यात घाला. आपल्या कथेत लग्नाच्या आदल्या रात्री ताक प्यायलेल्या काही पाहुण्यांना उलट्या होतात, आणि सकाळी कार्यालयाचे व्यवस्थापक कोठीत मृत सापडतात. गावात लगेच बोललं जातं की काकूंच्या कोठीतल्या ताकानेच बाधा झाली, आणि व्यवस्थापकही त्यातच गेले.

मग अन्न व औषध प्रशासनाचा माणूस येतो. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेताना त्याचे चार भाग करतो, आणि अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. लेखकाच्या दृष्टीने हे चौदा दिवस म्हणजे सोनं आहे. मुदपाकखाना बंद, मालकाने काकूंना सांगून टाकलंय, "अहवाल येईपर्यंत खोलीत राहा, मग बघू." कादंबरीचा काळ आपोआप ठरला. प्रत्येक प्रकरण म्हणजे त्यातला एक दिवस, आणि वाचकाला न सांगताही दिवस मोजावेसे वाटतात.

बोलण्याचं भानही इथेच ठरवून टाका. आचाऱ्याला सगळे "महाराज" म्हणतील. समोरचा फुलवाला काकूंना "वहिनी" म्हणेल. तरुण महिला उपनिरीक्षक त्यांना "काकू, तुम्ही बसा" म्हणेल, आणि काकू चारचौघांत तिला "मॅडम" म्हणतील, पण तिने डबा उघडून पोहे खाताना मात्र "पोरी, आणखी घे" हे तोंडून निघून जाईल. नातं पुढे सरकल्याचं एवढ्याने कळतं. वेगळं वर्णन लागत नाही.

पायरी ४: खरं काय घडलं ते फक्त स्वतःसाठी लिहा

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी गुन्ह्याची हकीकत सरळ क्रमाने, घड्याळ लावून लिहून काढा. हा कागद वाचकाला कधीच दिसणार नाही. माझा असा:

रात्री ९ : सीमांतपूजन आटोपून पंगत. ताक पितळी हंड्यातलं. हंड्याची कल्हई उडालेली, पण नवा वाढपी ते न बघता भरतो.
रात्री १० : काहींना उलट्या. धावपळ.
रात्री ११ : काकू उद्याच्या मठ्ठ्यासाठी चार पातेल्यांत विरजण लावतात, कोठीच्या खालच्या फळीवर ठेवतात.
रात्री ११.३० : मालकाचा भाचा पत्रावळींसाठी कोठीत डोकावतो. काकू तिथेच आहेत. मग कुलूप.
रात्री २ : भाचा दुसऱ्या किल्लीने परत येतो. तिसरं पातेलं ओढून बाजूला करतो, कारण त्यामागे जुन्या कोठीवह्या आहेत. व्यवस्थापक आवाजाने येतात. झटापट. हळदीची पिशवी फुटते. व्यवस्थापक पाट्यावर डोकं आपटून पडतात.
रात्री २.३० : भाचा पातेलं जागच्या जागी ठेवतो, बाहेर न्हाणीघरात बाही साबणाने धुतो, निघून जातो.
पहाटे ५.३० : काकू कोठी उघडतात.

आता बघा, दही इथे काय करतं. भाचा पुढे सांगणार, "पातेल्यावर माझ्या बोटांचे ठसे असतीलच की. साडेअकराला काकूंच्या डोळ्यांदेखत मी ते सरकवून पत्रावळी काढल्या." ऐकायला अगदी बिनतोड. पण साडेअकराला सरकवलेल्या पातेल्यातलं दही उरलेल्या तीन पातेल्यांसारखंच लागायला हवं होतं. ते फुटलंय, म्हणजे पातेलं त्यानंतर, दही धरत असताना, हललंय.

तुमचा चाणाक्ष वाचक म्हणेल, पोलिसांनी खोली तपासताना पातेली हलवली नसतील कशावरून? हा प्रश्न त्याच्याआधी तुम्हाला पडायला हवा. उत्तर वर आहेच: पोलीस आले तोवर दही जमून गेलं होतं; त्यांनी हलवलं असतं तर चीर पडली असती, दही रवाळ झालं नसतं. अशी प्रत्येक पळवाट घड्याळाच्या कागदावर शोधा आणि तिथेच बुजवा. मधल्या प्रकरणात पोचल्यावर सापडलेली पळवाट बुजवायला चार प्रकरणं उसवावी लागतात.

कारणही स्वयंपाकघरातलंच ठेवा. पुरणाला किलोभर डाळीला साधारण किलोभर गूळ लागतो. भाच्याने आणलेल्या बिलांत पंचवीस किलो गूळ दिसतो, काकूंच्या वहीत पंधराच आलाय, आणि त्या पंधरा किलोंत पुरण व्यवस्थित झालंय कारण डाळही तेवढीच होती. न आलेल्या मालाची बिलं. व्यवस्थापकांच्या ते लक्षात आलं होतं.

पायरी ५: पोलिसांना मूर्ख करू नका

हौशी शोधक हुशार दिसावी म्हणून फौजदार बावळट दाखवणं हा सोपा आणि वाईट मार्ग आहे. पोलीस आपलं काम नीट करताहेत, फक्त त्यांना स्वयंपाक येत नाही, एवढं पुरे.

थोडा अभ्यास लागतोच. तुमची कथा १ जुलै २०२४नंतर घडत असेल तर खुनासाठी ३०२ कलम लिहू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे. संशयास्पद मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, मृतदेहाचा पंचनामा होतो, आणि त्याला परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांनी हजर राहायचं असतं. ही तरतूद आपल्या कामाची आहे. समोरच्या फुलवाल्याला पंच करा. तो घाबरलेला, सही करून आलेला, आणि काकूंपाशी मन मोकळं करायला आतुर. बाहेरच्या बाईला आतली माहिती कशी मिळाली, हा प्रश्न मिटला. गावातली कथा असेल तर पोलीस पाटील हे आणखी एक तयार पात्र आहे. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, पुढे कधीतरी ते चित्रीकरण बघताना उपनिरीक्षक काकूंना विचारू शकते, "काकू, हे तिसरं पातेलं असं का दिसतंय?"

व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला, तर त्याच्या अहवालाला दिवस जातात, कधी महिनेही. काकूंना वाव मिळतो तो याच मधल्या काळात.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा की फुटलेलं दही न्यायालयात टिकणार नाही. स्वयंपाकघरातली खूण गुन्हेगाराकडे बोट दाखवते. त्याला पकडायला पोलिसांच्या हातात कागद लागतो, म्हणून कोठीवही आणि बिलं आहेत. दोन्हींची सोय आधीच करा.

पायरी ६: खोटा माग खराखुरा असू द्या

वाचकाला चकवण्यासाठी अंधारात हसणारा अनोळखी माणूस आणू नका. खोटा माग म्हणजे स्वतःचं खरं उत्तर असलेली दुसरी गोष्ट. आपल्याकडे ती कळकलेलं ताक. उलट्या खऱ्या, घबराट खरी, पण त्यात गुन्हा नाही, निष्काळजीपणा आहे. सगळं गाव उलट्या आणि मृत्यू एकत्र जोडतं, आणि वाचकही जोडतो.

याचा उलगडा कादंबरीच्या साधारण मध्यावर करा. काकू कल्हईवाल्याला गाठतात. तो हंड्यात बोट फिरवतो, आतला पिवळा पडलेला भाग दाखवतो, "कथील राहिलंच नाही हो यात," म्हणतो. इथे तुम्हाला एक सुंदर प्रसंग लिहिता येईल: तापलेला हंडा, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरलेलं कथील आणि क्षणात चांदीसारखं चकाकणारं भांडं. पण प्रसंगाचं काम विसरू नका. ताक निर्दोष ठरलं की व्यवस्थापकांचा मृत्यू एकटा उरतो, आणि तिथून कथा खरी गंभीर होते.

पायरी ७: खूण उघड्यावर लपवा

१९२९ साली इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले दोन आजही मला अनिवार्य वाटतात: गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसलेला असावा, आणि शोधकाला सापडलेली खूण वाचकालाही लगेच दिसावी. म्हणजे दही वाचकाला दाखवायलाच हवं. फक्त त्याचं लक्ष तेव्हा दुसरीकडे असावं. हे कसं साधतं ते लिहूनच दाखवते.

"अधिकाऱ्याने हंड्यातलं ताक बाटलीत घेतलं, लाख लावली. 'अजून काय दुधाचं आहे?' काकूंनी एकेक झाकण काढलं. पहिल्यात डाव घातला, कवडी वर आली. दुसरंही तसंच. तिसऱ्यात डाव बुडाला, वर बोटभर पाणी. काकूंनी झाकण टाकलं. चौथं घट्ट. 'हे कालचंच विरजण ना? ताकाचं आणि याचं एकच?' अधिकाऱ्याने विचारलं, आणि दारात उभे असलेले मालक एकदम मोठ्याने म्हणाले, 'साहेब, विरजण ही बाई तिच्या घरून आणते.'"

तिसरं पातेलं आलं, पण यादीत, आणि तेही तिसऱ्या जागी. शेवटच्या जागेवर वाचक थबकतो, म्हणून खूण तिथे ठेवायची नाही. लगेच पुढे काकूंवर आरोप आलाय, म्हणून वाचकाचं मन दह्यावरून काकूंकडे गेलं. काकूंनी त्यावर विचार केल्याचं एक अक्षरही नाही. फक्त झाकण टाकलं. "काकूंच्या कपाळावर आठी पडली" असं लिहिलंत की सगळं फुकट.

हळदीचा डागही असाच गर्दीत मिसळा. हळदीचा दिवस आहे, सगळ्यांचेच कपडे पिवळे. त्यात भाच्याच्या सदऱ्याची बाही विटकरी दिसते, आणि ती बघणारी करवली म्हणते, "दादांच्या अंगावर कुंकू पण सांडलं वाटतं!" वाचक हसतो आणि पुढे जातो.

एका कथेत मुख्य खूण एक, साथीला दोन. याहून जास्त झाल्या की उलगडा म्हणजे जंत्री होते.

विषाबद्दल थोडंसं

नवख्यांना पहिला मोह विषाचा होतो. माझा सल्ला: पहिल्या कथेत टाळा. वापरायचंच असेल तर नाव, मात्रा आणि मिळवायची रीत यांच्या तपशिलात शिरू नका. कथेला त्याची गरज नसते आणि वाचकाच्या घरातल्या डब्यांवर संशय निर्माण करणं हे या प्रकाराचं काम नाही. आजवर कुणाला माहीत नसलेलं अद्भुत विष तर नकोच. नॉक्स यांनी तेही बजावून ठेवलंय.

पायरी ८: पाककृती द्या, पण तिला कामाला लावा

कथेत पाककृती छापायची तर ती बिनचूक हवी. वाचक ती करून बघणारच. "अंदाजाने मीठ" चालेल, "अंदाजाने पीठ" चालणार नाही. वाटी, चमचा, किलो, जे माप घ्याल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. स्वयंपाकात नवीन असलेल्या एखाद्याला कागद द्या आणि शेजारी उभं राहून एकही सूचना न देता बघा. तो जिथे अडेल ते वाक्य पुन्हा लिहा.

पाककृती पात्राच्या तोंडची असू द्या. काकूंची मठ्ठ्याची कृती अशी सुरू होईल: "दही आंबट नको. आलं किसून त्याचा रसच घ्या, चोथा दाताखाली येतो. मिरची ठेचताना मिठाबरोबर ठेचा." यातून चव कळते आणि काकूही कळतात.

आता या लेखातली मला सगळ्यात आवडती युक्ती. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी काकूंची दही लावायची कृती द्या, आणि तिच्यात शेवटून दुसरं वाक्य असं टाका: "विरजण लावलं की पातेल्याला हात लावायचा नाही, धरत असताना हललं तर दही फुटतं आणि मग काही केल्या जमत नाही." अख्ख्या रहस्याची किल्ली वाचकाच्या हातात दिली. पण प्रकरणाच्या शेवटी छापलेली दह्याची कृती कोण लक्ष देऊन वाचतं? "मला तर दही लावता येतं" म्हणून जवळजवळ सगळे ती ओलांडतात. उलगडा झाल्यावर त्यांना मागे जाऊन ते पान उघडावंच लागतं.

पायरी ९: उलगडा आणि तपासणी

सगळ्यांना एका खोलीत जमवून काकूंनी भाषण करायची गरज नाही. चौदावा दिवस, अहवाल आलाय, मुदपाकखाना पुन्हा सुरू झाला, पहिलीच पंगत. काकूंनी आदल्या रात्री चार पातेल्यांत दही लावलंय: एक साडेअकराला हलवलं, एक दोन वाजता, एक पहाटे, एकाला हात लावला नाही. उपनिरीक्षकेसमोर त्या चारही झाकणं काढतात आणि डाव तिच्या हातात देतात. तिने स्वतः घालून बघायचं. भाचा शेजारी उभा आहे आणि त्याचं साडेअकराचं विधान फाईलमध्ये सहीनिशी आहे. यापुढे काकूंनी फार बोलू नये.

हा प्रयोग लिहिण्याआधी तुमच्या घरी करा. खरोखर चार भांडी लावा, घड्याळ ठेवा, ऋतू नोंदवा. थंडीत वेळा बदलतील, आणि मग तुमचा घड्याळाचा कागदही बदलावा लागेल.

लांबीबद्दल म्हणाल तर पहिल्या फटक्यात कादंबरीला हात घालू नका. हीच कथा सहा-सात हजार शब्दांत, दिवाळी अंकाला चालेल अशी लिहा. संशयित चारच, खूण एक, दिवस तीन. जमलं तर तीच काकू घेऊन मोठी लिहा. संपादकांकडे पाठवायची तर पावसाळ्याच्या तोंडाशी तयार ठेवा, गणपती गेल्यावर पाठवलेली कथा पुढच्या वर्षीची होते.

तयार झालेली कथा दोघांना वाचायला द्या: एक जण रोज स्वयंपाक करणारा, दुसरा चहापलीकडे न गेलेला. दोघांना पेन्सिल द्या आणि ज्या पानावर पहिल्यांदा भाच्याचा संशय आला तिथे फुली मारायला सांगा. स्वयंपाक करणाऱ्याची फुली तिसऱ्या पातेल्याच्या पानावरच पडली, तर खूण फार ठळक झाली; प्रसंगातला डाव बुडण्याचा तपशील आणखी गर्दीत ढकला. चहावाल्याची फुली शेवटपर्यंत पडलीच नाही आणि उलगडा वाचूनही तो "असं होतं का दह्याचं?" म्हणून विचारत राहिला, तर दुसऱ्या प्रकरणातली दह्याची कृती पुन्हा लिहायला घ्या.